अकराची ब्लडी मेरी

अख्ख्या पुंडलिकनगरात माझ्याइतकी झकास ब्लडी मेरी कुणाला जमत असेल, तर त्यानं खुशाल माझ्या दारात यावं आणि एक घोट घेऊन बघावा! नाव ऐकून लगेच भुवया वर करू नका. आमच्या ब्लडी मेरीत दारूचा थेंब नसतो. मूळ प्रकारात असते म्हणे. तिकडचे लोक रविवारी उशिरा उठतात, नाष्टा आणि जेवण एकातच उरकतात, त्याला ब्रंच म्हणतात, आणि त्याच्यासोबत टमाट्याचा हा गारेगार, तिखट-खारट रस पितात. एकातच उरकायची पद्धत आमच्या घरी फार जुनी आहे. फक्त आम्ही तिला 'आज करुणाला कंटाळा आलाय' असं म्हणायचो. करुणा म्हणजे आमच्या सौभाग्यवती.

ही विद्या मला दिली आमच्या सायलीनं. ती पुण्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवार घरी येते. बिनदारूच्या प्रकाराचं खरं नाव 'व्हर्जिन मेरी' आहे, असं तिनं मला समजावून सांगितलं. आता पन्नाशी उलटलेल्या बापानं हे नाव चारचौघांत कसं घ्यायचं? मी म्हणालो, बाई, आपली ब्लडीच बरी. पुढं जे काही झालं ते या एका लाजेपायी झालं. मी जरा निर्लज्ज असतो तर हे सांगायची वेळच आली नसती.

पण हे काही मी हौसेनं करत नव्हतो. हे सगळं चाललं होतं आमच्या आक्कासाठी.

आक्का म्हणजे आवडाबाई, माझी थोरली बहीण. गावाकडं लहानथोर सगळे तिला आवडीच म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा मला आंघोळ घालून, भांग पाडून शाळेत ढकलणारी हीच. तिचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सत्यम कॅनडात. पोटाचं दुखणं निघालं तेव्हा उपचारांसाठी ती आमच्याकडं राहायला आली. दवाखान्याच्या चकरा झाल्या, सलाइनी झाल्या, डोक्यावरचे केस गेले. शेवटी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि म्हणाले, आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला. याचा अर्थ न कळण्याइतका मी येडा नाही. रिक्षात आक्का म्हणाली, काय म्हणला रे त्यो? मी म्हणालो, काहीच पथ्य नाही म्हणाला. ती म्हणाली, मग कळलं. आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसली.

आता आवडेल ते खाऊ घालायचं, तर तिला काही आवडेचना. औषधांनी तोंडाची चवच गेली होती. करुणानं शेवया केल्या, मऊ भात केला, धिरडी केली, आक्काच्या आवडीची ज्वारीची आंबील केली. "सगळं मातीवाणी लागतंय गं," म्हणायची आणि ताट सरकवायची. वाळूजच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. नटापासून बोल्टापर्यंत काय संपत आलंय आणि काय मागवायचंय, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण घरात एक बाई डोळ्यांदेखत संपत चालली होती आणि काय मागवावं ते मला सुचत नव्हतं.

अशातच एका शनिवारी सायली स्वतःसाठी तो लाल ग्लास घेऊन बसली. आक्का म्हणाली, बघू गं काय हाय ते. एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला. आणि बघता बघता अर्धा ग्लास रिकामा करून म्हणाली, "हे टमाट्याचं सार हाय की. फोडणी विसरलीस वाटतं." मग पोरीकडं ग्लास पुढं करून तिनं विचारलं, "उद्या करशील का?"

किती दिवसांनी तिनं 'उद्या' हा शब्द काढला होता! मी बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडून घेतलं. बाहेर आल्यावर करुणा म्हणाली, बादली वाहून गेली तुमची.

तेव्हापासून ते खातं माझ्याकडं आलं. टमाटे उकडायचे, साल काढायची, मिक्सरमधून फिरवून गाळायचे. त्यात लिंबू, काळं मीठ, मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ठेच्याचं टोक. मूळ कृतीत एक इंग्रजी सॉस आहे, त्याचं नाव उच्चारताना माझी कवळी सुटेल की काय असं वाटतं, म्हणून मी चिंचेचं पाणी घालतो. वर सेलरी नावाच्या भाजीचा दांडा उभा करायचा असतो. त्यासाठी मी क्रांती चौकातल्या एका मोठ्या दुकानात गेलो आणि विचारलं, भाई, सेलरी है क्या? काउंटरवरचा पोऱ्या म्हणाला, "चाचा, मेरीच नय मिली अबी तक." तेव्हापासून आम्ही कांद्याची पात उभी करतो.

आक्का रोज एक ग्लास घ्यायला लागली. कधी त्यासोबत भाकरीचा पापुद्राही खायची. आणि एके दिवशी ग्लास संपवून तोंड पुसता पुसता म्हणाली, "मनीला बघावं वाटतंय रे."

झालं! नेमकं तेच अवघड होतं.

मनी म्हणजे मनकर्णाबाई, आमची मधली बहीण, माझी मनाताई. फुलंब्रीच्या अलीकडं शेतातच घर बांधून राहते. तिचे मालक सांडू दाजी देवमाणूस, टमाट्याचं पीक घेतात, एका कानानं थोडं कमी ऐकतात. या दोघी बहिणींचा अबोला सत्यमच्या लग्नापासूनचा. लग्नात आक्कानं मनाताईला आहेराची साडी दिली. मोरपंखी, रुंद काठाची. मनाताईनं मांडवातच घडी मोडून बघितली आणि तिचा चेहरा उतरला. आक्कानं घर बांधलं तेव्हा मनाताईनं तिला जी साडी नेसवली होती, तीच ही! फॉल तिनं स्वतःच्या हातानं लावला होता. आपला टाका बाई ओळखणार नाही का?

आता फिरता आहेर आपल्याकडं नवा नाही. आमच्या भावकीत सफारीचं एक कापड आहे, ते मी लहान असल्यापासून घरोघर फिरतंय, अजून कात्री लागलेली नाही. पण फिरून फिरून ते देणाऱ्याच्याच हातात द्यायचं नसतं, एवढं पथ्य सगळे पाळतात. मनाताईनं साडी आक्काच्या मांडीवर ठेवली आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली, "तू जिथं असशील त्या घराची पायरी मी चढणार नाय. चढीन ती तुझ्या मयतालाच." आणि न जेवता निघून गेली. तेव्हापासून आक्का आमच्याकडं असली की मनाताई आमच्याकडं यायची बंद. आक्का औषधोपचाराला आलीय एवढं तिला ठाऊक होतं. दुखणं कुठवर आलंय हे माहीत नव्हतं. ते सांगायचं नाही, अशी आक्कानं मला शपथ घातली होती. दया येऊन कुणी यायला नको, यायचं तर तिच्या मनानं येऊ दे, असं तिचं म्हणणं.

मी म्हणालो, आक्का, तू माझ्यावर सोड.

माझा बेत एकदम पक्का होता. मनाताईचा सायलीवर फार जीव. भाचीनं ब्रंच केलाय, पुण्याचा नवा प्रकार केलाय, असं म्हणून बोलवायचं. आक्काचं नाव तोंडातून चुकूनही काढायचं नाही, विचारलंच तर ती गावाकडं गेलीय म्हणायचं. एकदा दारात आली, समोर बहीण दिसली, की विरघळलीच म्हणून समजा. फोनही मुद्दाम रविवारी सकाळीच केला. आदल्या दिवशी बोलावलं की मनाताईला रुसायला अख्खी रात्र मिळते.

दाजी शेतात होते. फवारणीचा पंप असा धडधडत होता की मलाच माझं ऐकू येईना. मी ओरडून सांगितलं, "दाजी, आज ब्लडी मेरी!"

"काय म्हणलास?"

"ब्लडी मेरी! ब्लडी मेरी!"

पलीकडून दाजी म्हणाले, "कधी?"

"अकराला. ऊन व्हायच्या आत उरकू. बर्फ आणून ठेवलाय, पण तो किती टिकतोय."

"लेकराला कळवलं का?"

मला वाटलं, सायलीबद्दल विचारतायत. म्हणालो, "लेकराचीच तर ही सगळी करणी. मी आपला हाताखाली."

दाजींनी देवाचं नाव घेतलं. मी सांगितलं, मनाताईला आणाच, काही झालं तरी आणा. टमाटेही तुमच्याच शेतातले आणा म्हणालो, पण टमाटे नेमके पंपानं गिळले. इकडचे धड नसतात, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं असावं. दाजी म्हणाले, "आणतो, समदं आणतो. तू धीर सोडू नको." मी फोन ठेवून करुणाला म्हणालो, बघ, खेड्यातल्या माणसाचा मोठेपणा बघ, साध्या ब्रंचला धीर देतात! तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

त्याच भरात मी फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून दुसऱ्या पाहुण्याला लावायला गेलो आणि तो सरळ टमाट्याच्या जगमध्ये पडला. सायलीनं चिमट्यानं काढला, पुसला आणि तांदळाच्या डब्यात पुरला. त्यामुळं पुढची सकाळभर जगाशी माझा संबंध तुटला. त्या वेळात गावच्या ग्रुपवर आक्काचा हार घातलेला फोटो फिरून आला, हे आम्हाला मागाहून कळलं.

इकडं आक्काला करुणानं धुवट सुती पातळ नेसवलं, डोक्याला रुमाल बांधला आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. मनी खरंच येतीय का, असं तिनं मला विचारलं. मी म्हणालो, शंभर टक्के. तिनं आरसा मागितला, बघितलं, आणि परत दिला.

अकराच्या सुमाराला गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकांचं रडणं. करुणा म्हणाली, कुणाचं तरी गेलं वाटतं. मी सायलीचा फुलाफुलांचा एप्रन बांधून, लाल ग्लासांचा ट्रे घेऊन पाहुण्यांच्या स्वागताला फाटकात उभा होतोच. समोरच्या पारूबाई बाहेर आल्या. कोण गेलं हो, म्हणाल्या. मी म्हणालो, काय माहीत बिचारं. तेवढ्यात रडणाऱ्या बायका वळून आमच्याच दिशेनं यायला लागल्या. सगळ्यांच्या पुढं पदर तोंडाला लावून मनाताई होती. मागं पांढऱ्या टोप्या, खांद्यावर उपरणी. आणि टेंपोतून दोन जण लांबलचक बांबू उतरवत होते.

टमाटे आणा म्हणालो होतो!

दाजी धावत आले आणि त्यांनी ट्रेसकट मला मिठी मारली. सगळे ग्लास त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. पारूबाईंनी तो लाल भडक सदरा बघितला आणि त्या आत जाऊन कडी लावून बसल्या. दाजी माझी पाठ थोपटत होते, रड म्हणत होते, मोकळा हो म्हणत होते.

"दाजी, अहो मेरी, मेरी..."

"व्हय रे बाबा, मेली. आपल्या हातात काय हाय."

आता डोक्यात प्रकाश पडला. ब्लडी मेरी, आवडी मेली! आणि अकरा, आणि ऊन, आणि बर्फ! कसाबसा सुटलो आणि आत पळालो, की आधी आक्काला आतल्या खोलीत नेतो, मग बाहेर जाऊन सगळ्यांचे पाय धरतो. बघतो तर आक्का खिडकीला कान लावून बसली होती.

बाहेर फाटकाशी मनाताईनं फरशीवर बसकण मारली होती आणि शब्द लावून रडत होती. आमच्याकडच्या बायका नुसत्या रडत नाहीत, गेलेल्या माणसाचं सगळं बोलून रडतात.

"माझे बाई गं... मला पाठीवर घेऊन वढ्यातून नेलंस गं... तुझ्या वाट्याचा गूळ मला दिलास गं... अन् मी लुगड्यासाठी तोडली गं तुला... येते येते म्हणत राह्यले, अन् तू थांबली नायस गं बाई..."

मी दाराकडं वळलो. आक्कानं माझ्या एप्रनची नाडी धरली.

"थांब. रडू दे तिला."

"आक्का, अगं ती खरंच समजतीय..."

"मेल्यावर मला काय ऐकू येणार हाय का? ऐकू दे."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर असं काही सुख होतं की मी तसाच उभा राहिलो. बहीण तिच्या नावानं टाहो फोडतीय, ही खिडकीत बसून ऐकतीय, आणि मी मध्ये फुलाफुलांचा एप्रन घालून उभा. हसावं की रडावं, काही कळेना. मी दोन्ही केलं.

मग बायकांनी मनाताईला धरून उठवलं आणि आत आणलं. उंबऱ्यात तिनं डोळ्यांवरचा पदर काढला. समोर आक्का, हातात लाल ग्लास, तोंडाशी नळी. मागच्या एका म्हातारीनं घाईघाईनं हात जोडले.

"तू हाईस?" मनाताई म्हणाली.

"हाय."

"मंग मेलीस कधी?"

"मला बी आत्ताच कळतंय."

यानंतर मी जो काही खुलासा केला तो करताना मला घाम फुटला. ग्लास वर धरून दाखवला, हिचं नाव ब्लडी मेरी, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. दाजी आपल्या सदऱ्याकडं बघत म्हणाले, "पेयाचं असलं नाव ठेवतेत व्हय रे कुणी? माणूस गेली म्हणतं, वारली म्हणतं. तू आपला मेली मेली वरडतोस. मला वाटलं दुःखानं डोकं फिरलंय तुझं." सायलीनं बाजूला जाऊन आधी सत्यमला फोन लावला, कारण फोटो त्याच्यापर्यंतही पोचला होता. आक्कानं तो फोटो मागून घेतला, लांब धरून बघितला आणि हाच ठेवा म्हणाली, यात केस हायत.

मनाताईचं रडणं केव्हाच थांबलं होतं. आता तिला राग चढत होता. चारचौघांत सगळं बोलून बसली होती ना! तिनं खाली ठेवलेलं फडक्याचं गाठोडं उचललं, पदर खोचला.

"मला फसवून आणलं तुम्ही. मी मयताला आले होते. मयत नाय तर माझं हितं काय काम नाय."

आणि वळली. मी हाक मारली, करुणानं हात धरला, ती झिडकारून उंबऱ्यापर्यंत गेलीसुद्धा. तेव्हा आक्कानं ग्लास खाली ठेवला.

"मने, मयत हाय गं. जरा लांबलंय, एवढंच. थांबतीस का तवर?"

मनाताई थांबली. मागं फिरून तिनं आक्काकडं पहिल्यांदा नीट बघितलं. रुमालाखालचं डोकं बघितलं, कोपरापर्यंत चढलेली बांगडी बघितली, खुर्चीत उरलेली जागा बघितली. मग माझ्याकडं बघितलं. डॉक्टर काय म्हणाले हे तिनं डोळ्यांनीच विचारलं आणि मला मान खाली घालावी लागली. ती आली आणि आक्काच्या पायाशी फरशीवर बसली.

मग आक्का म्हणाली, "फडक्यात काय आणलंस?"

"कडू घास."

ज्या घरी मयत होतं त्या घरी चूल पेटत नाही. सोयरेधायरे आपल्या घरून पिठलं-भाकरी आणतात, तो कडू घास. आक्कानं हात पुढं केला.

"आण हिकडं. माझाच हाय न्हवं?"

करुणा नको नको म्हणत होती, असं अशुभ कुणी करतं का म्हणत होती. आक्कानं भाकरीचा तुकडा मोडला, लाल रसात बुडवला, वर पिठल्याचं बोट लावलं आणि खाल्ला. पुन्हा मोडला. सगळी मयताला आलेली माणसं श्वास रोखून एका बाईचं जेवण बघत होती. चतकोर भाकर संपवून ती मनाताईला म्हणाली, मीठ कमी पडलंय. मनाताई म्हणाली, रडत रडत केलं की असंच होतं.

मग काय, ब्रंच झाला! ग्लास फुटले होते, म्हणून स्टीलच्या पेल्यांतून आणि गडव्यांतून ब्लडी मेरी वाटली. सोबत पिठलं-भाकरी. टोप्या काढून माणसं पाट मांडून बसली. पारूबाईंनी खिडकीतून अंदाज घेऊन कडी काढली आणि एक पेला घेऊन गेल्या. दाजींना तो रस इतका आवडला की ते तिसऱ्यांदा घेऊन गेले, पण नाव घ्यायला तयार होईनात. बांबूंचं काय करायचं यावर मोठी चर्चा झाली. एकदा आणले की परत न्यायचे नसतात म्हणे. शेवटी दाजी म्हणाले, टमाट्याच्या झाडांना आधार लागतोच, आणि टेंपोत घालून घेऊन गेले. मनाताईला मात्र घेऊन गेले नाहीत. ती राहिली.

राहिली म्हणजे काय, दुसऱ्या दिवसापासून भांडायला लागल्या दोघी! अंघोळीच्या पाण्यावरून, उशीवरून, आईची कोणती भाजी चांगली व्हायची यावरून. सायलीचं ते बिनफोडणीचं पेय मनाताईला पटलंच नाही. तिनं तुपात जिरं-कढीपत्त्याची फोडणी देऊन त्यात ओतली आणि माझी सगळी कारागिरी तीन मिनिटांत मोडीत काढली. आक्का दीड ग्लास प्यायली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

साडीचा विषय निघायचा तो निघालाच. मी भाजी निवडत होतो. मनाताई एकदम म्हणाली, माझीच साडी मला द्यायला लाज वाटली नाय का तुला.

आक्का डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "माझ्या कपाटात तेवढी एकच भारी होती. पोराच्या लग्नात तुला हलकी नेसवू व्हय?"

"मग तसं बोलायचं."

"तू थांबलीस कुठं?"

मनाताईनं तिच्या पायाला तेल लावायला घेतलं होतं, ते ती लावत राहिली. मी पालकाची जुडी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. एका साडीच्या घडीत एवढी वर्षं गेली होती आणि आता हातात दिवस किती थोडे होते, हे मनात आलं आणि मला सहन झालं नाही.

आक्का श्रावणात गेली. सत्यम येऊन पोचला होता. पहाटे मनाताईच्या मांडीवर डोकं होतं, पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणि झालं. या खेपेला कुणाला फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही. दाजींना आणायला मी सरळ गाडी पाठवली.

भावकी जमली, गल्लीतल्या बायका जमल्या. सगळ्यांच्या नजरा मनाताईवर. सख्खी बहीण, आता काय टाहो फोडेल! आणि मनाताई कोरडी. तिनं आक्काला न्हाऊ घातलं, मोरपंखी साडी नेसवली, कपाळावरून हात फिरवला आणि शेजारी बसून राहिली. डोळ्यांत टिपूस नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी पारूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, रडा हो बाई म्हणाल्या, असं आत ठेवू नये.

मनाताई म्हणाली, "माझं रडून झालंय. तिनं ऐकलंय समदं. आता कुणाला ऐकवू?"

तिचं बरोबरच होतं. पण बायकांना ते कसं पटावं? कुजबूज सुरू झाली. बहीण असून दगडासारखी बसलीय, असं कुणीतरी म्हणालं. ते ऐकून मला राहवलं नाही. घरातल्या कुणीतरी रीत पाळायला हवी, असं म्हणून मी पुढं झालो आणि मनाताईसारखं शब्द लावून रडायला तोंड उघडलं. 'आक्का' एवढा एकच शब्द आला. पुढचा काही केल्या सुचेना. तोच पुन्हा म्हणालो. पुन्हा तोच. शेवटी दोन माणसांनी मला धरून बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं.

लोक अजून म्हणतात, बहिणीपेक्षा भावालाच जास्त लागलं. तसं काही नाही हो. मनाताईला रडायला येतं, म्हणून तिचं एकदाचं रडून झालं. मला धड येत नाही, त्यामुळं माझं अजून चालूच आहे. करुणा म्हणते, निदान नळ तरी बंद करत जा.